नाव ठेवणे आणि नाव घेणे



आपल्या बोलीत दोन प्रयोग आहेत. एक ‘नाव ठेवणे’ आणि दुसरा ‘नाव घेणे’. बाराव्या दिवशी बाळ पाळण्यात घालतात, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, त्याला आपण नाव ठेवणे म्हणतो. आणि पारावर बसून चार लोक शेजाऱ्याची उणीदुणी काढतात, त्यालाही नावे ठेवणेच म्हणतो. बारशाचे मंगल काम आणि पारावरची निंदा, दोन्हींना आपल्या वाडवडिलांनी एकच शब्द का वापरला असेल? पन्नास वर्षे कीर्तन केले, शब्दांवरच पोट भरले, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. कानाने दगा दिला, कीर्तन थांबले, घरी बसलो, तेव्हा पडला. तो का पडला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे निरूपण कोरडे वाटणार नाही.

आमच्या गावच्या भजनात एक टाळकरी होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान. गळा गोड, पाठांतर चोख, एकादशी कधी चुकली नाही. पण कीर्तनात मागे उभे राहिले की त्यांचा टाळ घसरायचा. चाल चढली, पाऊल खेळायला लागले की मृदंग एकीकडे आणि यांचा टाळ दुसरीकडे. एकदा काल्याच्या कीर्तनात, भर गर्दीत, मी मागे वळून म्हणालो, “आमच्याकडे सगळे ताल आहेत, आणि एक बेतालही आहेत!” मंडप हसला. तेही हसले. त्या दिवसापासून गाव त्यांना ‘बेताल’ म्हणू लागले. पोरेसोरेसुद्धा. पुढच्या सप्ताहाला ते टाळ घेऊन उभे राहिले नाहीत. वारी मात्र सोडली नाही. दिंडीच्या शेवटी, पाण्याच्या टँकरजवळ, म्हाताऱ्यांचे तांबे भरून देत चालायचे. मी मनात म्हणायचो, बरे झाले, ज्याचे काम त्याला मिळाले.

याला तीस वर्षे होऊन गेली. दोन वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला. डॉक्टरांनी तपासले, यंत्र दिले. त्यानंतर गावच्या मंदिरात हरिपाठाला उभा राहिलो. मृदंग माझ्या डाव्या हाताला होता. माझा टाळ घसरला. माझा, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या! शेजारच्या पोराने हळूच माझा हात धरून ठेका दाखवला. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी काठी टेकत त्यांच्या घरी गेलो. विचारले, “माउली, तुमच्या कानाला काही त्रास होता का?”

ते म्हणाले, “उजवा कान लहानपणीच गेलाय, महाराज. गोवर झाला होता.”

आमचे मृदंगवाले कायम त्यांच्या उजव्या अंगाला उभे असायचे.

मी विचारले, “मग त्या वेळी बोलला का नाही?”

“तुम्ही विचारलं नाही,” ते म्हणाले. “नाव ठेवलंत.”

वाचक माउली, त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा ठेवा म्हणून त्यांनी सुनेला हाकही मारली. पण मला माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. नाव ठेवले की विचारणे थांबते. ‘टाळ का चुकतो’ हा प्रश्न होता. ‘बेताल’ हे नाव सापडले आणि मला वाटले की उत्तर सापडले. खरे म्हणजे उत्तर मिळाले नव्हते, फक्त प्रश्न झाकला गेला होता. मी चार पावले डावीकडची उजवीकडे केली असती तर त्या माणसाची तीस वर्षे सेवेत गेली असती.

आता याचे शास्त्र पाहू.

आपल्याकडे न्यायशास्त्रात लक्षण कशाला म्हणतात? एखाद्या वस्तूला बाकीच्या सगळ्या वस्तूंपासून वेगळे काढणारा जो धर्म, ते लक्षण. आळंदीत शिकत असताना आम्हाला गाईचे उदाहरण दिले होते. गाय कोणती? जिच्या गळ्याखाली पोळी लोंबते ती. हिला शास्त्रात सास्ना म्हणतात. शिंगे म्हणाल तर म्हशीलाही आहेत. चार पाय म्हणाल तर गाढवालाही आहेत. म्हणून सास्ना. लक्षण अगदी निर्दोष आहे. शंभर जनावरांच्या बाजारात डोळे मिटून हात फिरवला तरी गाय ओळखता येईल.

पण एवढ्याने गाय कळली का? संध्याकाळी वासरासाठी हंबरते तेव्हा तिचा आवाज कसा होतो, धार काढताना ती पान्हा का चोरते, धनी वारला तर दोन दिवस वैरणीला तोंड का लावत नाही, हे त्या लक्षणात कुठे आहे? लक्षणाचे काम वेगळे काढण्याचे. ती वस्तू काय नाही एवढे ते सांगते. ती वस्तू काय आहे ते कळायला गोठ्यात जावे लागते, शेणात पाय भरवावे लागतात. आपली चूक अशी होते की लक्षण पाठ झाले की आपण गोठ्यात जात नाही.

हाच विचार ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात फार वरच्या पायरीवर नेला आहे. त्या ग्रंथाची दहा प्रकरणे. पाचवे प्रकरण सत्, चित्, आनंद या तीन पदांचे विवरण करते आणि सहाव्याचे नावच शब्दखंडन आहे. पाचव्यात माउली सोन्याचा दृष्टांत घेतात. सोन्याची कांती, सोन्याचे कठीणपण आणि सोनेपण. बोलताना तीन शब्द लागतात, पण हातात घ्याल तर एकच सोने. तिघांचे वजन वेगळे करून तागडीत घालता येत नाही. तसेच सत्, चित्, आनंद. हे काही परमात्म्याचे तीन तुकडे नव्हेत. मग हे शब्द सांगतात तरी काय? असत् नाही म्हणून सत्. जड नाही म्हणून चित्. दुःख नाही म्हणून आनंद. म्हणजे एवढे मोठे, वेदांनी मिरवलेले शब्द, तेही गाईच्या पोळीसारखेच! जे नाही ते दूर सारतात आणि आपले काम संपवून बाजूला होतात. उपनिषदांनी हेच ‘नेति नेति’ म्हणून ठेवले.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच शिकवतात. बारा वर्षे वेद शिकून मुलगा घरी आला तो ताठ मानेने. त्याला वाटे, आपल्याला सगळे कळले. बाप म्हणाला, बाळा, एक मातीचा गोळा कळला की मातीचे सगळे कळते. घागर, परळ, रांजण ही वाणीने उभी केलेली नावे, खरी ती माती. बारा वर्षांत मुलाने रांजणांची नावे पाठ केली होती, माती पाहायची राहिली होती. मीही तसाच होतो. फरक एवढाच, की त्याला बाप वेळेवर भेटला.

मी तसा होतो हे कशावरून म्हणता? ऐका. पंढरीनाथाच्या रूपाचे वर्णन मी किती वेळा केले असेल याची गणती नाही. विटेवरची ती समचरण, कटीवर कर, कानी मकरकुंडले, गळ्यात तुळशीमाळा. वर्णन करताना मंडप डोळे पुसायचा. एका वर्षी माघी वारीला आम्ही दोघे दर्शनबारीत उभे राहिलो. रात्र तिथेच गेली. पहाटे गाभाऱ्यात पोहोचलो, पायावर डोके ठेवले, पुढे व्हा पुढे व्हा म्हणेपर्यंत बाहेर आलो. बाहेर आल्यावर मंडळी म्हणाली, “अहो, देवाचे पाय किती झिजलेत! आणि गार किती होते!”

मी गप्प राहिलो. मला पाय झिजलेले दिसले नव्हते. गार लागले होते का, तेही आठवेना. त्या दोन क्षणांत मी आत काय करत होतो? कीर्तनातले वर्णन मनात म्हणत होतो. माझे समचरण माझ्या वर्णनातले होते, घडवलेले, गुळगुळीत, नवेकोरे. समोर होते ते पाय शतकानुशतके लाखो कपाळे टेकून झिजले होते. ते झिजणे म्हणजेच वारकरी संप्रदाय, असे मी पुढे कीर्तनातून सांगू लागलो. पण ते मला दिसले नव्हते, जिने एकही ग्रंथ वाचला नाही तिला दिसले.

आणि गंमत पाहा. जुन्या रीतीप्रमाणे तिने आजवर माझे नाव घेतलेले नाही. ‘अहो’ एवढेच. लग्नाला बावन्न वर्षे झाली. ‘अहो’ या शब्दात माझे वर्णन नाही, जात नाही, गाव नाही, मोठेपणा नाही, दोषही नाही. तरी घरात कधी घोटाळा झाला नाही. हाक आली की मला कळते, मलाच आहे, आणि कशासाठी आहे तेही सुरावरून कळते.

आता तुमच्या मनात शंका आली असेल, ती मीच मांडतो. तुम्ही म्हणाल, “महाराज, नावे अपुरी, वर्णने अपुरी, शब्द खोटे. मग आमच्या संप्रदायात नामाचा एवढा गजर का? हरिपाठ कशाला? टाळ कुटायचे कशाला? गप्प बसावे!” शंका बरोबर आहे. संप्रदायाच्या मुळालाच हात घालणारी आहे. म्हणून तिचे समाधान सावकाश करू.

इथे तो दुसरा प्रयोग कामाला येतो. आपण देवाला नाव ठेवत नाही. देवाचे नाव घेतो.

नाव ठेवणे म्हणजे त्या वस्तूविषयी बोलणे. नाव घेणे म्हणजे तिला हाक मारणे. आई तान्ह्याला काय काय म्हणते? सोन्या, राजा, चिमणे, माझ्या बाळकृष्णा. पोर सोन्याचे नसते, राजा तर नसतेच. ज्योतिषाने काढलेले नाव एकीकडे राहते. तरी यातली एकही हाक खोटी नाही. कारण आईला वर्णन करायचेच नाही. तिला त्याने वळून पाहायला हवे आहे. व्याकरणातही पाहा. कर्ता, कर्म, करण अशी सहा कारके सांगतात. संबोधन त्यात मोजत नाहीत. का? कारण बाकीची सारी पदे क्रियेला बांधलेली असतात, वाक्याच्या संसारात अडकलेली असतात. हाक मोकळी असते. ती वाक्याच्या बाहेर उभी राहून वाट पाहते.

वर्णन करणाऱ्याला समोरच्याची गरज नसते. माणूस मेला तरी त्याचे वर्णन होते, उलट जास्त चांगले होते. हाक मारणाऱ्याला मात्र थांबावे लागते. उत्तर काय येईल ते आपल्या हातात नसते. म्हणून वर्णनाने अहंकार वाढतो, ‘मला कळले’ असे वाटते. हाकेने माणूस लहान होतो.

आपल्या देवाचेच नाव घ्या. विठ्ठल या शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी नाना प्रकारे लावली आहे. कोणी विष्णू शब्दापासून कानडी वळणाने आणतात, कोणी विटेपाशी नेतात, कोणी एकेका अक्षराचा अर्थ लावतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात अशा कितीतरी वाटा धुंडाळल्या. अभ्यास मोठा आहे, त्याला माझा नमस्कार. पण चंद्रभागेच्या वाळवंटात डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी ‘इठाबाई’ म्हणते तेव्हा तिने कोणती व्युत्पत्ती स्वीकारली? देवाला बाई म्हणते, शब्द मोडते, आणि तरी तिची हाक पोहोचते यावर आपल्यापैकी कोणाचा अविश्वास आहे? शब्द शुद्ध असण्यापेक्षा तोंड त्याच्याकडे असणे महत्त्वाचे.

म्हणूनच वारीत एक मोठी गोष्ट घडते, जिचा आपण फारसा विचार करत नाही. वाटेत जो भेटेल त्याला आपण ‘माउली’ म्हणतो. पाणी देणारा माउली, गर्दी आवरणारा पोलीस माउली, धक्का लागला तोही माउली. त्याचे गाव माहीत नाही, जात माहीत नाही, तो चांगला की वाईट तेही माहीत नाही. म्हणजे ओळख होण्याआधीच हाक देतो, आणि तीही ज्ञानोबारायांच्या नावाने. तेवढे दिवस पाटील, सावकार, मजूर, साहेब ही सारी नावे कडेला राहतात. व्यवहाराला क्रमांक लागतात. दिंडीचा क्रमांक माहीत नसेल तर चुकलेला माणूस मुक्कामाला पोहोचणार नाही. पण तो क्रमांक शोधण्यापुरता आहे. तो कपाळावर कोरायचा नसतो.

कपाळावर कोरला तर काय होते त्याला इतिहास साक्षी आहे. चोखोबारायांना त्या काळच्या समाजाने जातीचे नाव लावले आणि त्या नावाने देवळाचे दार बंद केले. आत कोण येऊ पाहतो आहे हे कोणी पाहिले नाही. नाव कळले, तेवढ्यावर निकाल झाला. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात अस्थी सगळ्यांच्या मिसळलेल्या. परंपरा सांगते, नामदेवरायांनी एकेक अस्थी कानाशी लावली आणि जीतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून घेतली. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली, पण आता कानाचे यंत्र लावून बसतो तेव्हा तिचा अर्थ वेगळा लागतो. हाडावर जात लिहिलेली नव्हती. नामदेवरायांनी नाव विचारले नाही, ऐकले. समाधी महाद्वारासमोर झाली. आणि ते दार? ते सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरीत उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षांहून अधिक काळ गेला. एक ठेवलेले नाव एवढा काळ दारात आडवे पडून राहू शकते, आणि आत रोज नामाचा गजर चालू असतो. हे आपल्याला टोचले पाहिजे.

कोणी म्हणेल, संतांनीही नावे ठेवली आहेत. तेरला गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली आणि नामदेवांना कच्चे म्हटले. हो, म्हटले. पण शब्द पाहा कोणाचा आहे. कुंभाराचा. कुंभार कच्चे म्हणतो तेव्हा तो मडके फेकत नाही. कच्चे म्हणजे भट्टीत जायचे बाकी आहे. त्या एका शब्दाने नामदेवरायांना विसोबा खेचरांची वाट दाखवली. मी ‘बेताल’ म्हणालो त्याने कोणती वाट दाखवली? पाण्याच्या टँकरची. शब्द दोन्हीकडे दोषाचाच होता. एकाच्या मागे जबाबदारी होती, दुसऱ्याच्या मागे टाळ्या.

आणखी एक शंका राहते. शब्द इतका अपुरा, तर ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या का सांगितल्या? याचे उत्तर शब्दखंडनाच्या प्रकरणातच आहे. माउली शब्दाचे खंडन करण्याआधी त्याचा गौरव करतात, त्याला आरशाची उपमा देतात. शब्द आठवण करून देतो. विसरलेले समोर आणतो. ते त्याचे मोठे काम आहे. पण आरशात तोंड पाहून झाले की आरसा खाली ठेवायचा असतो. तोंड आरशात नसते. आणि आत्मा तर कधी विसरलेलाच नाही, तो स्वतःच स्वतःच्या उजेडात आहे. त्याला शब्द काय आठवण करून देणार? तिथे शब्द थांबतो. हरिपाठ झाल्यावर आपण टाळ खाली ठेवतो आणि क्षणभर कोणी बोलत नाही. तो क्षण घाईने उरकू नका. आधीची सारी नावे आपल्याला तिथपर्यंत पोहोचवण्यासाठीच घेतलेली असतात.

मग आपण करायचे काय? मला सुचते ते सांगतो. घरातल्या माणसांची नावे एकदा मनात तपासून पाहा. हट्टी, आळशी, वाया गेलेला, भांडखोर, मुलखाची साधी. ही नावे आपण कधी ठेवली, आणि त्यानंतर त्या माणसाला शेवटचा प्रश्न कधी विचारला? सून भांडखोर म्हणून नाव पडले असेल तर ती कशासाठी भांडते ते एकदा तरी विचारले का? पोरगा आळशी असेल तर रात्री त्याला झोप लागते का? ठेवलेले नाव पुसता येत नाही असे नाही. विचारले की ते आपोआप सैल होते.

आमच्या गावी आता एकादशीला मृदंग त्यांच्या डाव्या हाताला असतो. माझा चांगला कान उजवा. म्हणून मृदंग मध्ये ठेवतो, ते उजवीकडे उभे राहतात, मी डावीकडे. दोघांचा मिळून एकच मृदंग आणि दोनच कान. त्यांचा टाळ चुकत नाही. माझा अधूनमधून चुकतो, मग ते माझ्याकडे पाहतात आणि हात जरा उंच करून ठेका दाखवतात. अजून त्यांनी मला नाव ठेवलेले नाही.

रामकृष्ण हरी.